हौशी माणसाची शर्यतीची मोटार



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, की शेतकऱ्याला आणि शाळामास्तराला शर्यतीच्या मोटारीशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. पण निदान कर्जत-खालापूरच्या माणसाने तरी तो विचारू नये. बोरघाटाचा जुना रस्ता, घाटाची रेल्वे आणि नवा द्रुतगती महामार्ग ही तिन्ही त्याच्या दारावरून जातात. इथली कितीतरी तरुण मुले मोटारी चालवतात, धुतात, उघडतात आणि पुन्हा जोडतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या मनात येते, की आपणही एक वेगवान गाडी घ्यावी, खिशाला परवडेल अशी, आणि मनसोक्त पळवून पाहावी. ही इच्छा काही आजची नव्हे. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर गाडी कोणती घ्यावी हे कळते. आणि ती कुठे पळवावी, हे त्याहून जास्त कळते.

प्रथम आपल्या ओळखीच्या शर्यतीपासून सुरुवात करू. भात निघून रान मोकळे झाले की रायगड जिल्ह्यात छकड्यांच्या शर्यतींची चर्चा सुरू होते. शर्यतीचा बैल निवडताना जाणता माणूस काय पाहतो? अंगावर मांस किती चढले आहे, याला तो भुलत नाही. तो पाय बघतो, खूर बघतो, छाती बघतो, आणि जोडीदाराशी चाल जुळते का ते बघतो. छकडाही असा निवडतो, की त्यात लाकूड कमी आणि मजबुती जास्त. म्हणजे ताकद हवी हे खरे, पण ती ताकद ज्याला ओढायची आहे ते ओझे कमी हवे. एवढे ध्यानात ठेवा. मोटारीच्या निवडीतही पुढे हेच सूत्र येणार आहे.

आता घाटाकडे वळू. बोरघाटातून चाकाच्या गाड्या नीट चढू-उतरू लागल्या त्या १० नोव्हेंबर १८३० पासून. त्या दिवशी बांधलेला रस्ता खुला झाला. त्याआधी माल जायचा तो बहुतेक बैलांच्या पाठीवरून. पुढे २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातली रेल्वे सुरू झाली. तिचा चढ काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट इतका आहे. ऐकायला थोडा वाटतो, पण आगगाडीला तो फार. म्हणून कर्जतला गाडी थांबवून मागे जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. चढताना वजनाने जीव काढला, आणि उतरताना ब्रेकांनी. उतारावर गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला वळवून चढावर नेणाऱ्या वेगळ्या मार्गिका घाटात ठेवाव्या लागल्या. घाटाने आपल्या वाडवडिलांना दोन गोष्टी शिकवल्या. चढायचे तर ओझे हलके करा. उतरायचे तर थांबण्याची तजवीज आधी करा. शर्यतीच्या मोटारीचे अर्धे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

मोटार आपल्या देशात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि प्रथम अर्थातच श्रीमंतांच्या दारात उभी राहिली. वेगाची हौसही त्यांचीच. जे. आर. डी. टाटा तरुणपणी निळ्या रंगाची बुगाटी गाडी बाळगून होते. ती फ्रान्समधली नामांकित शर्यतीची गाडी. मुंबईच्या रस्त्यावर बेफाम मोटार हाकल्याच्या एका खटल्यात त्यांना वकील गाठावा लागला. ते वकील जॅक विकाजी. त्यांची पुतणी थेल्मा हिच्याशी पुढे डिसेंबर १९३० मध्ये जे. आर. डीं.चे लग्न झाले! गोष्ट मोठी गोड आहे, पण तिची दुसरी बाजूही पाहावी. खटला झाला तो गाडी वेगवान होती म्हणून नव्हे. ती रहदारीच्या रस्त्यावर वेगाने गेली म्हणून. बुगाटी घेणे ज्यांना शक्य होते, त्यांनाही ती पळवायला हक्काची जागा नव्हती.

इकडे हे चालू असताना परदेशांत मात्र एक वेगळी चळवळ सुरू झाली होती. इंग्लंडात १९२२ साली ऑस्टिन सेव्हन नावाची इवलीशी, स्वस्त घरगुती मोटार निघाली. ती होती कारकुनांसाठी, दुकानदारांसाठी. पण तिच्यावर हौशी तरुणांची नजर गेली. जुन्या झालेल्या ऑस्टिन विकत घ्यायच्या, वरचा सांगाडा काढून टाकायचा, पत्र्याचे हलके अंग बसवायचे आणि मैदानावर न्यायच्या, असा उद्योग सुरू झाला. अशाच मंडळींचा एक क्लब १९३९ साली स्थापन झाला. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९४८ साली आपली पहिली गाडी केली तीही जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच. याच चॅपमनची पुढे लोटस कंपनी झाली. १९५७ साली त्याने लोटस सेव्हन काढली आणि ती सुट्या भागांतही विकली. गिऱ्हाइकाने भाग घरी न्यावेत, आपल्या पडवीत जोडावेत. तसे केले की तयार गाडीवरचा कर वाचायचा. इटलीत कार्लो आबार्थ याने १९४९ साली आपला व्यवसाय मांडला आणि फियाटच्या छोट्या घरगुती गाड्यांना शर्यतीचे दात फोडले. विंचू हे त्याचे चिन्ह. विंचू दिसायला लहान, पण नांगी जबर.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्वस्त शर्यतीची गाडी कारखान्यातून क्वचितच तयार निघते. ती घरगुती गाडीच्या पोटातून जन्म घेते.

आपल्या महाराष्ट्रातही तसेच घडले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले, की जे इथे गाडी घडवतील त्यांनीच राहावे. नुसत्या जोडणीवर चालणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. परदेशी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. उरल्या दोन-तीन जाती. त्यांतली एक म्हणजे कुर्ल्याची फियाट ११००. हीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सर्वांनी पाहिली.

आता या फियाटचा हिशोब पाहा. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. वजन सुमारे ९०० किलो. म्हणजे एक टन वजनामागे जेमतेम ४५ अश्वशक्ती. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. अशा गाडीची कोणी शर्यत लावील असे वाटत नाही. पण हौशी मंडळींनी ती लावली. दांडा खांबावरून काढून जमिनीवर आणला. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवले. मागची गादी काढली. जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती भरत. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक विमानधावपट्टी पडून होती. तिथे १९५० च्या दशकापासून शर्यती भरू लागल्या. त्या भरवणारा मद्रास मोटार स्पोर्ट्‌स क्लब १९५३ साली निघाला. या मैदानांवर राजेरजवाड्यांच्या विलायती गाड्याही होत्या आणि मिस्त्र्यांनी रात्र रात्र जागून सुधारलेल्या फियाटही होत्या.

इथे एक गोष्ट शिक्षक मंडळींनी टिपून ठेवण्यासारखी आहे. जुहू काय, शोलावरम काय, किंवा इंग्लंडातले प्रसिद्ध सिल्व्हरस्टोन काय, ही सगळी मुळात विमानांची मैदाने. हौशी माणसाला नवे मैदान बांधणे परवडत नाही. तो रिकामी पडलेली, कुंपणाच्या आतली, सपाट जागा शोधतो. हौशी शर्यतीला गाडीच्या आधी जागा लागते, हे त्या पिढीला नीट समजले होते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. इंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरचे, ताकद ४० अश्वशक्तीहून थोडी कमीच. पण वजन? सुमारे ६५० किलो. म्हणजे फियाटपेक्षा इंजिन लहान असूनही टनामागची ताकद ६० च्या आसपास गेली. पुन्हा तेच, छकड्याचे सूत्र. आपल्या कर्जत तालुक्यातच याचा पुरावा आहे. नेरळहून माथेरानचा घाट किती उभा आहे, हे सांगायला नको. वर दस्तुरीपाशी मोटारींची हद्द संपते. त्या घाटात वर्षानुवर्षे प्रवासी वाहिले ते मारुतीच्या ओम्नी टॅक्सीने, आणि तिच्या पोटात हेच ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. हलकी गाडी, लहान गिअर आणि घाट ओळखणारा चालक, एवढ्यावर ते काम झाले.

याच इंजिनाचा आणखी एक उपयोग कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुतीचे इंजिन घेऊन एक आसनाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी घडवली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. परदेशी गाडी आणण्याची ऐपत नसलेल्या कितीतरी तरुणांना खऱ्या शर्यतीचे दार यामुळे उघडले. करिवर्धन १९९५ साली हलक्या विमानाच्या अपघातात गेले. कोइमतूरजवळची धावपट्टी त्यांच्याच नावाने, कारी म्हणून, ओळखली जाते. श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली मद्रासच्या क्लबाची पक्की धावपट्टी झाली, आणि शर्यती विमानतळांवरून हक्काच्या घरी आल्या.

मग खरी दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार आपल्याकडे झालीच नाही का? झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची गाडी निघाली. ती गोव्यात जोडली जाई. अंग फायबरग्लासचे, वरचे छत उघडणारे, इंजिन रेनॉल्टचे, ११४९ घनसेंटिमीटर आणि ६० अश्वशक्तीचे. कल्पना उत्तम होती. पण रस्त्यावर ती फारशी दिसली नाही. ज्या देशात एका गाडीत आईवडील, मुले आणि बाजाराची पिशवी बसायची असते, तिथे दोन आसनांची गाडी ही चैन ठरते. शिवाय जी गाडी थोड्याच संख्येने निघते, तिचे सुटे भागही थोडेच मिळतात. जपानात १९८९ साली मज्दा कंपनीने एमएक्स-५ नावाची अशीच हलकी दोन आसनी गाडी काढली. तिचे वजन टनाच्या आतबाहेर आणि टनामागे १२० च्या आसपास अश्वशक्ती. ती इतकी खपली, की २०१६ साली तिची संख्या दहा लाखांवर गेली, आणि जगभरच्या हौशी चालकांची ती लाडकी गाडी झाली. मात्र भारतात ती कंपनीने कधी अधिकृतपणे विकायला आणली नाही.

त्यामुळे आपला मार्ग पुन्हा घरगुती गाडीकडेच आला. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या पोलो गाडीची एकजात शर्यत २०१० पासून भरू लागली. एकजात म्हणजे सर्वांच्या गाड्या सारख्या. मग जिंकतो तो चालक, पैसा नव्हे. २०१५ च्या ऑक्टोबरात रांजणगावच्या कारखान्यातून आबार्थ पुंटो बाहेर पडली. तोच विंचू पुणे जिल्ह्यात अवतरला. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि सुरुवातीची किंमत दिल्लीत ९ लाख ९५ हजार. टनामागची ताकद जवळजवळ १२०, म्हणजे त्या जपानी गाडीच्या बरोबरीची, आणि तरीही पाच माणसे बसणारी. या दोन्ही गाड्या आता नव्या मिळत नाहीत. पण जुन्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक आहे, ते याच कारणाने.

इतिहास इथवर आला. आता त्यातून निवडीचे नियम काढू.

परदेशांत आणि आता आपल्याकडेही हौशी चालकांसाठी धावपट्टीचे दिवस ठेवतात. त्याला ट्रॅक डे म्हणतात. त्यात बक्षीस नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. शुल्क भरावे, शिरस्त्राण घालावे, आपली गाडी तपासून घ्यावी आणि ठरलेल्या वेळात धावपट्टीवर चालवावी. अशा दिवसासाठी परवडणारी गाडी निवडताना पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसावा. पहिला प्रश्न वजनाचा. दुसरा ब्रेकांचा. तिसरा टायरांचा. चौथा, तिचे भाग खोपोलीच्या किंवा पनवेलच्या दुकानात मिळतात का, आणि आपला मिस्त्री ती उघडू शकतो का. ताकद पाचवी.

ब्रेक इतके वर का? हिशोब सोपा आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगातली गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६० किलोमीटरवरून १२० वर गेलात, तर थांबताना ब्रेकांना चारपट उष्णता पचवावी लागते. धावपट्टीवर हे दर वळणाला घडते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवणाऱ्या ट्रकची चाके जशी धुमसू लागतात आणि पायाखाली ब्रेक लागेनासा होतो, तसेच. म्हणून सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालू नयेत. थोडी साधी, जुनी, पण सांगाड्याला गंज नसलेली आणि अपघातात न वाकलेली गाडी घ्यावी. आणि राखून ठेवलेले पैसे ब्रेकचे चांगले पॅड, नवे ब्रेक ऑइल, चांगले टायर, पट्टा आणि शिरस्त्राण यांवर खर्चावेत. रेडिओच्या आवाजाला आणि पत्र्यावरच्या रंगीत पट्ट्यांना पैसे द्यायचे असतील तर सर्वांत शेवटी द्यावेत. ते दिले नाहीत तरी गाडी हळू होत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. नोंदणीत लिहिले आहे त्यापेक्षा वेगळे फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ त्याला मनाई करतो. त्याच कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे, शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड ठरला. शिवाय नेहमीचा विमा शर्यतीत झालेले नुकसान भरून देत नाही, हेही पॉलिसीवर लिहिलेले असते. वाचत मात्र कोणी नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला. आपल्या भागातल्या तरुणाला घाट म्हणजे फुकटची धावपट्टी वाटू लागते. वळणे आहेत, चढ आहे, डांबर चांगले आहे. पण धावपट्टीवर समोरून उसाची मोळी घेतलेला ट्रॅक्टर येत नाही. तिथे वळणापलीकडे शाळेतून परतणारी पोरे नसतात, गुरे नसतात, बंद पडलेला टेंपो नसतो. चूक झाली तर गाडी वाळूत जाते, दरीत जात नाही. धावपट्टीवर मदतीला माणसे आणि रुग्णवाहिका उभी असते. जुन्या पिढीच्या हौशी लोकांनी शोलावरम गाठले ते हौस कमी होती म्हणून नव्हे. ती हौस दुसऱ्या वर्षीही करायची होती, म्हणून.

छकड्यांच्या शर्यतींचेच उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या काळात बदलले काय? बैल तेच, माणसे तीच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली, पशुवैद्यकाची तपासणी आली, चाबूक गेला. नियम आले म्हणून खेळ राहिला. मोटारीच्या हौसेलाही हाच न्याय लागू आहे.

जागा अगदीच नाही असेही नाही. घाट चढून मावळात गेले की तळेगावजवळ नानोली येथे अलीकडे खासगी धावपट्टी झाली आहे. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर सरळ धावेच्या चाचण्या भरल्या आहेत. मात्र खालापूरच्या गॅरेजात काम करणाऱ्या मुलाला परवडेल असे सार्वजनिक मैदान कोकणाच्या बाजूला असावे, ही मागणी करण्यासारखी आहे. कुस्तीला आखाडा मागतो, कबड्डीला मैदान मागतो. मग यालाही मागावे. मागणी संघटितपणे, क्लब स्थापून, या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचे नियम हाती घेऊन केली तर तिला वजन येईल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. सायकल येणारी वरच्या वर्गातली दोन-तीन मुले घ्या. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारा. एकदा सावकाश आणि एकदा त्याच्या दुप्पट वेगाने येऊन रेघेपाशी ब्रेक दाबायला सांगा, आणि सायकल थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. दुसऱ्या वेळी अंतर दुपटीच्या बरेच पुढे, चौपटीच्या आसपास जाईल. मुले आधी हसतील, मग पुन्हा मोजून पाहतील. फळ्यावर ऊर्जेचे सूत्र लिहायची वेळ तीच. उद्या त्यांच्यातला कोणी गाडी घ्यायला निघाला, तर दुकानदाराला अश्वशक्ती विचारण्याआधी तो ब्रेक विचारील.